पोळपाटाचा सांधा सुटला तर कुठला गम लावायचा?

आमच्याकडे आजीच्या वेळचा एक पोळपाट आहे, शिसवीचा, चांगला जाड, खाली तीन पाय, आणि दोन फळ्या जोडून केलेला म्हणजे मधोमध एक सांधा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो सांधा थोडा उघडला. घरात जो पांढरा गम होता तो मी त्यात भरला, दोरीने आवळून ठेवला, दुसऱ्या दिवशी एकदम घट्ट. दोन महिने बरं चाललं. मग एकदा आईने पोळ्या लाटता लाटता हाक मारली, म्हणाली हे बघ काय निघतंय. सांध्यात कणीक अडकून वाळून राखाडी झाली होती, मी सुईने उकरायला लागले तर खाली काळी बुरशी, आणि त्या बुरशीत गमाचे पांढुरके रबरासारखे धागे. म्हणजे सुकल्यावर पारदर्शक झालेला गम पाणी लागून लागून परत पांढरा पडला होता, मऊ झाला होता, आणि थोडा थोडा करून पोळीला लागत होता.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. मी हौस म्हणून घरी लाकूडकाम करते, चॉपिंग बोर्ड, ट्रे, मसाल्याचे डबे वगैरे, आणि ओळखीचे लोक हमखास एकच प्रश्न विचारतात की अगं यात लावलेला गम विषारी नाही ना? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की तो सांधा पाण्यात, उन्हात, दमट हवेत बंद राहणार आहे का? कारण घट्ट बंद सांध्यातला गम जेवणाला दिसतो तो केसाएवढी एक रेघ, आणि उघडलेल्या सांध्यात गमही बाहेर येतो, कणीकही आत जाते, मांसमच्छीचं पाणीही आत जातं आणि ते साबणाने कितीही घासलं तरी निघत नाही. माझ्या मते स्वयंपाकघरात खरा धोका त्या फटीचा जास्त आहे.

खाता येणारी वस्तू चिकटवायला वापरली की काम झालं असं वाटतं बघा, पण तसं होत नाही. डिंक घ्या, आपण लाडू करून खातो, त्याच्याइतकं फूड सेफ काय असणार, पण डिंकाने जोडलेली फळी एकदा धुतली की सुटली. खळीचं तेच. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गम, जुने सुतार तो डबल भांड्यात गरम करून वापरायचे, त्यावर मोठमोठी कपाटं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, तरी गरम पाणी आणि वाफ लागली की तो परत विरघळतो, वाद्यं दुरुस्त करणारे लोक तर मुद्दाम त्यासाठीच सरस वापरतात की सांधा परत सोडवता यावा. लाखेचंही बघा. लाख ही किड्यापासून मिळणारी राळ, ती शुद्ध करून शेलॅक करतात, गोळ्या-चॉकलेटवर चकाकी आणायला चालते, खाद्यपदार्थांत तिला ई ९०४ असा नंबरही आहे. पण ती साधारण ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते, अल्कोहोलमध्ये विरघळते आणि सोड्यासारख्या अल्कलीतही विरघळते, म्हणून कोरड्या डब्याला छान, रोज धुवायच्या वस्तूला नाही. सांगायचं असं की पोटात गेलं तर चालेल का आणि पाण्यात टिकेल का हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींचं उत्तर हो यायला पाहिजे.

आता आपल्या घराघरातला पांढरा गम. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला आणि सुतारांचा सरस गरम करायचा त्रास संपला, आज आपण कुठल्याही पांढऱ्या गमाला फेव्हिकॉलच म्हणतो. या जातीच्या गमाचं रासायनिक नाव पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, थोडक्यात पीव्हीए. पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिशय बारीक कण म्हणजे हा गम. लावल्यावर पाणी लाकडात शोषलं जातं, उडून जातं, कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो आणि तो लाकडाच्या बारीक छिद्रांत धरून बसतो. हेच पॉलिव्हिनाइल अॅसिटेट च्युइंगमच्या बेसमध्येही वापरतात, म्हणजे मूळ पदार्थ काही भयंकर नाही. पण बाटलीत एकटं पीव्हीए नसतं. ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर घालतात, सडू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, काहींत पाणी रोखायला अजून काही काही, आणि खरी शंका घ्यायची ती या जोडीच्या मालावर.

शिवाय साध्या पीव्हीएची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे पाणी, ते आजीच्या पोळपाटावर आम्ही बघितलंच. दुसरं म्हणजे उष्णता, साधारण ३० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात हा पदार्थ कडकपणा सोडायला लागतो, म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवर वाळत ठेवलेला बोर्ड किंवा गॅसच्या शेजारी टेकवून ठेवलेला पाट, यात सांधा हळूहळू सरकतो, एक फळी दुसरीपेक्षा किंचित वर आलेली बोटाला लागते.

म्हणून पाण्यासाठी वेगळ्या ग्रेड आहेत. युरोपात ईएन २०४ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात डी१ ते डी४ अशा चार पायऱ्या. डी१ म्हणजे फक्त कोरड्या जागेसाठी. डी३ ला जोडलेली पट्टी चार दिवस गार पाण्यात बुडवून ठेवतात आणि ओली असतानाच ओढून बघतात. डी४ ला तर सहा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, मग गार करून ओढतात. अमेरिकेतले गम टाइप वन, टाइप टू असे येतात, त्यातला टाइप वन जास्त कडक, त्याला चार तास उकळत्या पाण्यात, मग वीस तास साधारण ६३ अंशांच्या ओव्हनमध्ये, परत चार तास उकळत्या पाण्यात, एवढं करून सांधा सुटता कामा नये. डब्यावर डी३, डी४ किंवा टाइप वन, टाइप टू दिसलं की अर्धं काम झालं. पण परत सांगते, ही सगळी पाण्याची परीक्षा आहे. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय, मरीन म्हणजे बोटींच्या कामाचा असं लिहिलंय, म्हणून तो अन्नाला चालतो असं कुठेही म्हटलेलं नसतं.

मग अन्नाला चालतो हे कुठे कळतं? इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. नॉन टॉक्सिक हा शब्द आणि फूड सेफ हा शब्द एक नाहीत. शाळेतल्या गमावर नॉन टॉक्सिक असतं, त्याचा अर्थ मुलाने हाताला लावला, चुकून जिभेला लागला तर घाबरू नका एवढाच. रोज ओल्या, आंबट, तेलकट, गरम पदार्थाला वर्षानुवर्षं लागत राहिला तर काय, हा त्याचा विषयच नाही.

लाकडाच्या गमावर जे सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे एफडीए. ही आपली महाराष्ट्राची एफडीए नव्हे, म्हणजे मिठाईच्या दुकानांवर छापे घालणारं आपलं अन्न व औषध प्रशासन नव्हे, अमेरिकेची. त्यांच्या नियमांत १७५.१०५ नंबरचं कलम आहे, खास चिकटवण्याच्या पदार्थांसाठी. त्यात चालणाऱ्या घटकांची भलीमोठी यादी आहे आणि वर अट आहे की एकतर गम आणि अन्न यांच्यामध्ये काहीतरी आड असलं पाहिजे, नाहीतर सांध्याच्या रेघेवर आणि कडेला जेवढा नावापुरता उघडा राहतो तेवढाच अन्नाला लागला पाहिजे, तेही काम नीट करून. याला ते इनडायरेक्ट फूड कॉन्टॅक्ट म्हणतात. म्हणजे लेबलवर हे लिहिलेला गमसुद्धा बोर्डाच्या वरच्या बाजूला फासायला किंवा मोठा खड्डा भरायला नाहीच आहे! तो सांध्याच्या आत राहायला आहे. हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुटतं, कारण मग आपलं काम असं ठरतं की रेघ जितकी बारीक तितकं बरं.

लाकूडकाम करणाऱ्यांत या कामासाठी सगळ्यात जास्त नाव निघतं ते टाइटबाँड या अमेरिकन ब्रँडच्या गमाचं, त्यातही टाइटबाँड टू आणि थ्री. दोन्हींसाठी कंपनी चॉपिंग बोर्डला चालतो, इनडायरेक्ट फूड कॉन्टॅक्ट असं सांगते. टू हा टाइप टू आहे, थ्री हा टाइप वन, आणि थ्रीच्याही लेबलवर कायम पाण्याखाली राहणाऱ्या वस्तूला वापरू नका असं आहेच. आपल्याकडे ऑनलाइन मिळतो, साध्या गमापेक्षा महाग पडतो, पण एका बोर्डाला लागतो किती, दोन-तीन चमचे. देशी कंपन्यांचेही पाण्याला टिकणारे चांगले गम आहेत, ते घेणार असाल तर कंपनीला मेल करून टेक्निकल डेटा शीट मागा आणि सरळ विचारा की अन्नाच्या संपर्कासाठी काही लेखी आहे का. लेखी मिळालं तर घ्या. दुकानदार काउंटरवर हो हो चालतंय म्हणतो त्याला काही अर्थ नाही, त्याचा दोष नाही, त्याला तो प्रश्न रोज कोण विचारतो.

इन्स्टंट गम, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा सायनोअॅक्रिलेट, याच्याबद्दल लोक म्हणतात की डॉक्टर जखमेला लावतात मग काय हरकत. जखमेला लावतात तो त्याच कुटुंबातला पण वेगळा, त्या कामासाठी बनवलेला असतो. आणि स्वयंपाकघरात याची अडचण वेगळीच आहे, सुकल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो, ओल आणि आपटणं दोन्ही सहन होत नाही, लाकूड पावसात फुगलं की तो तडकतो. केसाएवढ्या चिरेत, वस्तू कोरडी वापरायची असेल तर ठीक, त्यापुढे नको.

दोन ट्यूबवाला इपॉक्सी, अॅराल्डाइटसारखा, हा ताकदीला जबरदस्त. पण तो ज्या रेझिनपासून बनतो ते बहुतेक वेळा बिस्फेनॉल ए या पोटात जायला नको अशा रसायनापासून केलेलं असतं आणि हार्डनरमध्ये, म्हणजे कडक करणाऱ्या दुसऱ्या ट्यूबमध्ये, अमाइन नावाची झोंबणारी रसायनं असतात. दोन्ही बरोबर प्रमाणात मिसळून पूर्ण कडक झाले तर एकमेकांत बांधले जातात, पण आपण अंदाजाने थोडं हे थोडं ते दाबतो, आणि जे जास्त झालं ते तसंच कच्चं आत राहतं. अन्नासाठी मुद्दाम बनवलेले इपॉक्सी असतात, तसं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, हार्डवेअरच्या दुकानातली साधी ट्यूब त्यात मोडत नाही. हल्ली ते निळी नदी वाहतेय असे रेझिनचे बोर्ड फार दिसतात, दिसायला सुंदर आहेत, चीज-फळं मांडायला वापरा, पण त्यावर सुरी चालवू नका, सुरीने रेझिनचे कण निघतात आणि ते पोटात जातात.

पॉलियुरेथेन म्हणजे फेसाळून फुगणारा गम, तो मी या कामाला वापरत नाही, त्यात आयसोसायनेट नावाची श्वासाला त्रास देणारी रसायनं असतात आणि फुगलेला फेस भरलेली फट दिसतो पण आतून स्पंजासारखा असतो. ग्लू गनची कांडी तर बोलायलाच नको, गरम डाव टेकला की वितळेल.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. फर्निचरचं काम झालं की प्लाय आणि एमडीएफचे (लाकडाचा बारीक लगदा गमाने दाबून केलेल्या फळीचे) तुकडे उरतात आणि बरेच जण त्यातून छानसा चौकोन कापून घेतात भाजी चिरायला. कृपा करून नको. साध्या प्लायमध्ये आणि एमडीएफमध्ये बहुतेक करून युरिया फॉर्मल्डिहाइडचा गम असतो, तो ओल आणि उष्णतेत हळूहळू तुटतो आणि फॉर्मल्डिहाइड सोडतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलंय. आणि प्लायमध्ये गम रेघेपुरता नसतो, एकेका मिलीमीटरवर पूर्ण थर असतो, सुरी थेट त्या थरात जाते. बांबूच्या बोर्डातही पट्ट्या गमानेच जोडलेल्या असतात, त्यामुळे विकत घेताना कुठला गम ते बघून घ्या, आणि काहीच लिहिलं नसेल आणि नवा बोर्ड उघडल्या उघडल्या नाकात झोंबणारा वास आला तर परत करा.

इतकं सगळं झाल्यावर माझं स्वतःचं मत असं की शक्य तिथे गमच नको. लाटणं, रवी, उलथनं, डाव हे एकसंध लाकडाचे असतात ते उगीच नाही. तळणीचं तेल १८० अंशांपर्यंत जातं, त्यात टिकेल असा लाकडाचा घरगुती गम नाही, त्यामुळे डावाचा दांडा मोडला तर तो डाव संपला, त्याचं ओलं-कोरडं काहीही जोडकाम करू नका. लाटण्याची मूठ मोडली तरी तेच, कारण तिथे लाकूड आडवं तुटलेलं असतं आणि लाकडाच्या टोकाचा भाग गम पिऊन टाकतो, सांधा ताकद धरत नाही. गम चालतो तो फळीला फळी, रेषेला रेषा समांतर लावून कडेला जोडायला.

आणि आपण बरेचदा गमाला दोष देतो पण सांधा फाडतं ते लाकूड. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. पोळपाटाच्या खाली आडवी पट्टी गमाने पूर्ण चिकटवून टाकली तर वरची फळी हलायला बघते, पट्टी हलू देत नाही, आणि मग कितीही भारी गम असू दे, एकतर पट्टी सुटते नाहीतर फळीला तडा जातो. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, ताई, लाकडाला श्वास घ्यायला जागा ठेवा, नाहीतर ते स्वतः करून घेतं. म्हणून पट्टी मधोमध घट्ट आणि दोन्ही टोकांना स्क्रूची भोकं थोडी लांबट, एवढं केलं की पुरतं.

जोडायचंच असेल तर मी असं करते. दोन्ही कडा त्याच दिवशी रंध्याने साफ करते, म्हणजे ताजं लाकूड उघडं पडतं. दोन्ही फळ्या एकमेकींना लावून उजेडासमोर धरते, मधून प्रकाश दिसला तर परत रंधा, कारण गम फट भरत नाही, फक्त चिकटवतो. सागवान आणि शिसव ही तेलकट लाकडं, त्यांना गम लावायच्या आधी अॅसिटोनने पुसून घेते आणि लगेच गम लावते, थांबलं तर आतलं तेल परत वर येतं. गम दोन्ही कडांना पातळ, मग क्लॅम्प, म्हणजे फळ्या आवळून धरणारा शिकंजा. आवळल्यावर सांध्यातून सगळीकडे बारीक मण्यांची माळ बाहेर यायला हवी, तशी आली म्हणजे गम पुरेसा आहे, कुठे कोरडं राहिलं नाहीये. ते मणी ओल्या फडक्याने पुसू नका, पातळ गम लाकडात जिरतो आणि नंतर तिथे तेल चढत नाही, डाग दिसतो. अर्ध्या-पाऊण तासाने ते चिवट झाले की पटाशीने अलगद उचलून काढायचे. एप्रिल-मेमध्ये गम दहा मिनिटांच्या आत धरायला लागतो, म्हणून सगळं हाताशी ठेवूनच सुरुवात करायची, आणि पावसाळ्यात उलट, मी चोवीस तास क्लॅम्प काढत नाही आणि एक आठवडा वस्तूला पाणी लावत नाही.

आणि प्रत्येक नव्या बाटलीची परीक्षा घ्या, ही सवय मला सगळ्यात उपयोगी पडली. त्याच लाकडाचे दोन उरलेले तुकडे त्याच गमाने जोडा, आठवडाभर ठेवा, मग रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी ओले असतानाच गुडघ्यावर मोडा. सांध्याच्या शेजारी लाकूड फाटलं तर सांधा पास. सरळ रेघेत स्वच्छ सुटलं आणि कडेला पांढरी साय दिसली तर तो गम फोटोफ्रेमला वापरा, पोळपाटाला नको.

तेलपाणीही त्याच कामाचा भाग आहे, कारण तेल मुरलेल्या लाकडात पाणी हळू जातं आणि सांध्यावर ताण कमी येतो. मेडिकलच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन मी वापरते, पोट साफ व्हायला देतात तेच, ते खवट होत नाही. त्यात थोडं मधमाश्यांचं मेण वितळवलं की अजून चांगलं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल लावू नका, काही आठवड्यांत चिकट होऊन वास मारतं. जवसाचं तेल चांगलं, पण खायचं कच्चं घ्या आणि सुकायला कित्येक आठवडे द्या, पेंटच्या दुकानातल्या बॉइल्ड लिनसीडमध्ये लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. हे तेल सगळं सांधा पूर्ण सुकल्यानंतर हं, आधी तेल लागलं तर गम धरणारच नाही. डिशवॉशरमध्ये लाकूड घालायचं नाही, सिंकमध्ये भिजत ठेवायचं नाही, धुवून पुसून उभं करायचं म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते.

आजीच्या पोळपाटाचं शेवटी असं झालं की जुन्या सुकलेल्या गमावर नवा गम धरत नाही, त्यामुळे दोन्ही फळ्या पूर्ण सोडवाव्या लागल्या. बुरशी लाकडात जवळजवळ तीन मिलीमीटर आत गेली होती, तेवढं दोन्ही बाजूंनी रंध्याने काढलं, काळं पूर्ण जाऊन शिसवीचा तो जांभळट तपकिरी रंग दिसेपर्यंत. अॅसिटोन, गम, क्लॅम्प, आठवडाभर माळ्यावर. दोन फळ्या परत जोडल्यावर तो गोल राहिला नाही, थोडा लांबुडका झाला, म्हणून सुतारकाकांकडून कड परत गोल करून घेतली. आता तो पूर्वीपेक्षा बोटाच्या पेराच्या निम्म्याने लहान आहे. दोन पावसाळे झाले, आई रोज त्याच्यावरच लाटते, आणि मी दर महिन्याला तेल लावताना सांध्यावरून नख फिरवून बघते, अजून कुठे अडकत नाही.